रुपयावरची रेघ: डाय क्रॅक की ओरखडा?

जुनारुपया (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या महिन्यात एका नाणेप्रदर्शनात मी सातव्या एडवर्डचा १९०७ सालचा चांदीचा रुपया घेतला. विक्रेत्याने पाकिटावर ‘डाय क्रॅक’ (म्हणजे नाणे पाडणाऱ्या ठशाला, डायला, गेलेल्या तड्याची खूण) असे लिहून नेहमीच्या रुपयापेक्षा बरीच जास्त किंमत लावली होती आणि सभागृहातल्या झगझगीत दिव्यांखाली, भिंग न काढता, मी ते मान्यही केले. घरी आल्यावर टेबलावरचा एकच दिवा लावून नाणे पाहिले, तेव्हा ती रेघ ओरखड्याची आहे हे पाच मिनिटांत कळले. पैशांपेक्षा मला याचे वाईट वाटले की जी पारख सहज करता येण्यासारखी होती, ती मी केली नाही. तशी चूक इतरांची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दुरुस्त्या अवश्य सुचवाव्यात.

टाकसाळीत धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबून नाणे पाडले जाते. नाण्यावर जे उंच दिसते ते ठशात खोल कोरलेले असते. ठशाला तडा गेला की ती ठशाच्या पोलादातली फट असते, दाबाखाली चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उठावाची रेघ उमटते. ओरखडा मात्र नाणे पाडून झाल्यावर, खिशात, गल्ल्यात, तिजोरीत किंवा कोणाच्या चाकूच्या टोकाने पडतो. त्यात धातू खोदला जातो, म्हणून ती रेघ खोलगट असते. तडा हा टाकसाळीचा इतिहास आहे आणि ओरखडा ही त्या एका नाण्याला झालेली इजा आहे. संग्राहक पहिल्यासाठी जादा पैसे मोजतो आणि दुसऱ्यामुळे किंमत उतरते, त्यामुळे या दोहोंत गल्लत होणे महागात पडते.

उंच आणि खोल हे बोटाने तपासू नये. बोटाचा घाम चांदीवर डाग पाडतो आणि इतक्या बारीक रेघेबद्दल बोट काही सांगतही नाही. नाणे कडेने धरावे, दहापट भिंग घ्यावे आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा एका बाजूने, नाण्याच्या पातळीच्या थोडाच वर ठेवावा. दिवा डावीकडे असेल तर उठावाच्या रेघेची डावी बाजू उजळते आणि उजवीकडे सावली पडते. खोलगट रेघेत याच्या उलट होते, दिव्याकडची कड अंधारात राहते आणि पलीकडची भिंत चमकते. त्यानंतर नाणे जागेवरच हळूहळू पूर्ण फिरवावे, कारण दिव्याच्या दिशेला समांतर असलेली रेघ जवळजवळ नाहीशी होते आणि आडवी आल्यावर एकदम स्पष्ट होते.

माझ्या रुपयावरची रेघ काठापासून निघते, राजाच्या नावातल्या इंग्रजी ‘डब्ल्यू’वरून जाते आणि मानेच्या मागे येऊन संपते. भिंगाखाली त्या अक्षराच्या माथ्यावर खोल चर दिसला, अक्षराच्या अगदी पायाशी, जिथे अक्षर आणि पृष्ठभाग यांचा कोपरा होतो तिथे, रेघ मुळीच नव्हती आणि केसभर पुढे ती पुन्हा सुरू झाली होती. टोकदार वस्तू उंच अक्षरावरून घसरून पलीकडे पडताना कोपऱ्यात पोहोचू शकत नाही, त्याचीच ही खूण. ठशाचा तडा अशी उडी मारत नाही. तो पृष्ठभागावरून निघून अक्षराच्या अंगावर चढतो आणि पलीकडे उतरतो.

नवखासंग्राहक

धागा फार उपयोगी आहे, पण माझी एक अडचण आहे. माझ्याकडे १९९३ सालचे स्टीलचे एक रुपयाचे नाणे आहे आणि त्यावर ‘१’ या आकड्याच्या शेजारी बारीक रेघा आहेत. मी मोबाइलवर काढलेले छायाचित्र पाहतो तेव्हा त्या रेघा उंच वाटतात आणि मोबाइल उलटा केला की त्याच रेघा खोल वाटू लागतात. हे कसे काय? आणि छायाचित्र पाहून तुमच्यापैकी कोणी नक्की सांगू शकेल का?

जुनारुपया (धागाकर्ता)

@नवखासंग्राहक, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रकाश वरून येतो हे आपली नजर गृहीत धरून चालते. छायाचित्रात प्रकाश खालून आलेला असेल तर मेंदू उंच आणि खोल यांची अदलाबदल करतो. चंद्रावरच्या विवरांच्या छायाचित्रात ती विवरे टेकड्यांसारखी दिसतात, तेही याच कारणाने. म्हणून नुसते छायाचित्र पाहून ‘उंच वाटते’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नये, मग तो कितीही जाणकार असो.

यातून सुटण्याचा मार्ग नाण्यावरच आहे. त्याच नाण्यावरची अक्षरे आणि आकडे उंच आहेत, हे आपल्याला आधीपासून पक्के ठाऊक असते. छायाचित्रात त्या अक्षरांची कोणती कड उजळ आहे ते पाहावे आणि मग रेघेची कोणती कड उजळ आहे ते पाहावे. दोन्हींची एकच कड उजळ असेल तर रेघ उंच आहे, विरुद्ध कड उजळ असेल तर ती खोल आहे. मोबाइल कसाही फिरवला तरी हा ताळा बिघडत नाही, कारण साक्षीदार आणि आरोपी दोघेही एकाच उजेडात उभे आहेत. मात्र रेघ आणि तिच्या शेजारचे अक्षर साधारण एकाच दिशेने जाणारे निवडावे, म्हणजे उभ्या रेघेसाठी अक्षराची उभी दांडी घ्यावी. दोन दिवे किंवा खिडकी आणि दिवा असा मिश्र उजेड असेल तर छायाचित्र पुन्हा काढावे.

टूलरूमवाला

मी नाणेसंग्राहक नाही. चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे प्रेसचे डाय बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. धाग्याचे शीर्षक वाचून थांबलो, कारण आमच्याकडच्या डायला आणि टाकसाळीतल्या ठशाला तडा जाण्याची कारणे एकच असतात.

पोलादाला कठीण करण्यासाठी ते तापवून थंड करतात, याला आम्ही हार्डनिंग म्हणतो, आणि नंतर पुन्हा मर्यादित तापमानाला नेऊन त्याचा ठिसूळपणा कमी करतात, ते टेंपरिंग. हे गणित थोडे चुकले आणि डाय गरजेपेक्षा जास्त कठीण राहिला, तर तो झिजत नाही पण तडकतो. मऊ राहिला तर तडकत नाही पण दबून त्यातले कोरीव काम पसरते. गणित बरोबर असले तरी हजारो वेळा दाब पडून सुटल्यावर धातू थकतोच. तडा कुठून सुरू होईल हे बहुधा सांगता येते: जिथे आतला कोपरा टोकदार असेल तिथून. नाण्याच्या ठशात प्रत्येक अक्षराचा तळ हा असा कोपरा असतो, त्यामुळे तडा एका अक्षरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा अक्षरांच्या रांगेने पळताना दिसतो किंवा काठाकडून आत येतो.

तड्याची चालही ओळखू येते. तो नदीच्या प्रवाहासारखा किंचित वळत, मध्येच फाटा फुटत जातो आणि शेवटी निमुळता होऊन विरतो. पट्टीने आखल्यासारखी सरळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जाडीची रेघ मला कोणी तडा म्हणून दाखवली तर मी आधी शंकाच घेईन. ओरखड्याच्या बाबतीत भिंगाखाली ‘बर’ शोधावा. टोकाने धातू खोदला की तो नाहीसा होत नाही, चराच्या दोन्ही कडांना किंवा ओरखडा जिथे थांबला त्या टोकाशी त्याची बारीक धार उठते. तीच बर. नवीन ओरखड्यात ती धारदार असते, जुन्या चलनी नाण्यात घासून गेलेली असते, पण चराच्या कडा पृष्ठभागापेक्षा जराशा वर आलेल्या अनेकदा शिल्लक राहतात.

आता एका मुद्द्यावर धागाकर्त्यांशी माझा मतभेद आहे. खोल रेघ म्हणजे ओरखडा आणि उंच रेघ म्हणजे तडा, अशी सरळ वाटणी करू नये. आम्ही डायचा पृष्ठभाग खडबडीत झाला की त्यावर दगड किंवा पॉलिश पेपर फिरवतो. टाकसाळीतही हे करतात. त्या घासण्याने ठशावर बारीक ओरखडे पडतात आणि नाण्यावर ते उंच उमटतात. ते तडे नव्हेत.

जुनारुपया (धागाकर्ता)

@टूलरूमवाला, आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या पहिल्या मजकुरात ती असायलाच हवी होती. पॉलिशच्या रेघा वेगळ्या ओळखण्यासाठी ठशाची रचना आठवावी. ठशात अक्षरे आणि चित्र खोल असते आणि नाण्याचे जे मोकळे मैदान असते ती ठशातली सर्वांत उंच जागा असते. दगड फिरवला की तो उंच जागेलाच लागतो, खोल कोरलेल्या अक्षरांत सहसा पोहोचत नाही. म्हणून नाण्यावर अशा रेघा मैदानात दिसतात, अक्षराच्या कडेशी येऊन थांबतात आणि अक्षरापलीकडे त्याच रेषेत पुन्हा सुरू होतात. त्या बहुधा एकटीदुकटी नसतात, शेजारीशेजारी, समांतर, केसासारख्या बारीक असतात. तडा मात्र पोलादाच्या आतून जातो. त्याला मैदान आणि अक्षर सारखेच, म्हणून तो दोन्हींवर दिसतो.

याच्या बरोबर उलट चित्र घरी घासलेल्या नाण्याचे असते. चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून घासलेल्या रुपयावर समांतर किंवा गोलाकार रेघांचे जाळे दिसते, पण त्या खोल असतात आणि आधी उंच भागावर, म्हणजे राजाच्या गालावर आणि केसांवर उमटतात. अनेक घरांत आजीच्या पेटीतून निघालेले रुपये पहिल्याच दिवशी प्रेमाने घासले जातात आणि ती हानी भरून निघत नाही. कृपया घासू नका.

शिवराईप्रेमी

वरची सगळी चर्चा यंत्रावर पाडलेल्या नाण्यांची आहे. शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, आणि मराठेशाहीतल्या रुपयांना ती जशीच्या तशी लावली तर फसगत होते, म्हणून थोडे लिहितो.

हातोड्याने नाणे पाडताना खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, चकती त्यावर ठेवून वरचा ठसा हातात धरत आणि त्यावर घाव घालत. घाव थेट सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे आणि लवकर तडके. त्यामुळे नाण्याची एक बाजू ताजी आणि दुसरी बाजू फुटक्या ठशाची असे सर्रास आढळते. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते, पण ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर क्वचितच उतरतो. तडा काठापासून निघाला की मधूनच सुरू झाला, हे यंत्राच्या नाण्यावर सांगता येते तसे इथे सांगता येत नाही, कारण ठशाचा काठ नाण्यावर आलेलाच नसतो.

इथे तिसरी एक गोष्ट सतत भेटते, ती म्हणजे चकतीच फाटणे. घाव बसला की तांबे किंवा चांदी बाहेरच्या बाजूला पसरते आणि कडेला चीर पडते. ही चीर काठाशी रुंद असते, आत येताना अरुंद होते आणि अनेकदा आरपार असल्यामुळे नाणे उलटले की त्याच जागी दुसऱ्या बाजूलाही दिसते. ठशाचा तडा कधीही असा दोन्ही बाजूंना एकाच जागी येत नाही, कारण दोन ठसे वेगळे आणि त्यांचे तडेही वेगळे. संशय आला की मी सर्वांत आधी नाण्याची कड पाहतो. चांदीच्या रुपयांवर याशिवाय सराफांनी धातू पारखण्यासाठी मारलेले ठोके असतात. तेही खोल असतात, पण त्यांना ओरखडे म्हणून हिणवू नये, ते त्या नाण्याच्या बाजारातल्या प्रवासाचे पुरावे आहेत.

नव्या मंडळींसाठी आणखी एक. दुदांडी शिवराईवर अक्षरांच्या ओळींमध्ये मुळातच दोन आडव्या दांड्या कोरलेल्या आहेत. त्यांतली एक दांडी अर्धवट उतरली आणि दुसरी नाहीशी झाली, तर उरलेली रेघ उंच, काठापर्यंत जाणारी आणि थोडी वाकडी दिसते. ती तडा म्हणून विकलेली मी पाहिली आहे.

साताऱ्याहून_अटलांटा

मी अमेरिकेत राहते आणि इथल्या मॉर्गन डॉलरचा (चांदीच्या जुन्या डॉलर नाण्याचा) संग्रह करते, त्यामुळे एक उदाहरण देते. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत १८८८ साली पाडलेल्या एका डॉलरवर लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) चेहऱ्यावरून ठळक उंच रेघ गेली आहे. ठशाला मोठा तडा गेला होता आणि तरीही तो काही काळ चालू ठेवला गेला. संग्राहकांनी त्या डॉलरला चेहऱ्यावरच्या व्रणाचे नाव दिले आहे आणि तो स्वतंत्र प्रकार म्हणून शोधला जातो.

पण मला त्यातला खरा आनंद वेगळा वाटतो. ठशाचा तडा वाढत जातो. एकाच ठशाची पाच नाणी समोर ठेवली, तर पहिल्यावर रेघ नसते, दुसऱ्यावर काठाशी केसाएवढी असते, तिसऱ्यावर ती दोन अक्षरे ओलांडते आणि शेवटी ठशाचा एखादा तुकडाच निखळून नाण्याच्या काठावर गोळ्यासारखा उंचवटा येतो, ज्याला इथे ‘कड’ म्हणतात (मराठीतल्या ‘काठ’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही). ती नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली, हे त्या रेघेच्या लांबीवरून ठरवता येते. लेखी नोंदी नसलेल्या टाकसाळीसाठी याहून चांगली नोंद कोणती? शिवराईवर असे काम कोणी ठसा जुळवून चिकाटीने केले, तर किती तरी कळेल असे मला मनापासून वाटते.

पारखीनजर

@साताऱ्याहून_अटलांटा यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो, कारण त्यातूनच खोटी नाणी ओळखण्याचा एक मार्ग निघतो आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

तडा ठशाचा असतो, म्हणून तो त्या ठशाच्या अनेक अस्सल नाण्यांवर त्याच जागी सापडलाच पाहिजे. ओरखडा एका नाण्याचा असतो, म्हणून तो दुसऱ्या कोणत्याही नाण्यावर त्याच जागी, त्याच वळणाने सापडता कामा नये. तसा तो सापडला तर त्याचा अर्थ एकच: कोणीतरी ओरखडा पडलेल्या अस्सल नाण्यावरून साचा काढला आणि त्यातून नकला ओतल्या किंवा पाडल्या. मूळ नाण्याचा ओरखडा साच्यात गेला आणि प्रत्येक नकलेवर उतरला. अशा नकलेतला ओरखडा भिंगाखाली बोथट दिसतो, त्याच्या तळाला आणि कडांना धार नसते, आणि त्यात नाण्याचा रंग इतर पृष्ठभागाइतकाच एकसारखा असतो. म्हणून ओरखडे असलेल्या नाण्यांचीही छायाचित्रे जपून ठेवावीत. विकत घेण्याआधी त्याच सालाच्या इतर नाण्यांशी त्यांची तुलना करावी. जोडीला वजन पाहावे. १८३५ पासूनचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि साधारण ३०.५ मिलिमीटर व्यासाचा आहे. झिजेने वजन थोडे कमी होऊ शकते, जास्त होण्याचे काहीच कारण नाही.

ठिपक्यांबद्दलही सांगून ठेवतो. १८६२ हे साल रुपयांवर १८७४ पर्यंत तसेच ठेवले होते आणि मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर सालाच्या आसपास कोरलेल्या ठिपक्यांवरून प्रत्यक्ष वर्ष लावतात. ठशाचा बारीक कण उडाला तर तिथेही उंच ठिपका येतो. कोरलेला ठिपका गोल आणि आपल्या ठरलेल्या जागी असतो, उडालेल्या कणाचा ठिपका वेडावाकडा असतो आणि बहुधा आकड्याच्या कोपऱ्याला चिकटलेला असतो.

आणि किमतीबद्दल एवढेच, की समाजमाध्यमांवर ‘या रेघेचे नाणे लाखोंना’ अशा जाहिराती दिसल्या तर पैसे भरू नयेत. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपले नाव वापरून शुल्क मागितले जाते आणि त्याच्याशी आपला संबंध नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. सध्याच्या चलनातल्या स्टीलच्या नाण्यावरची साधी तड्याची रेघ ही अभ्यासाची वस्तू आहे, कमाईची नव्हे.

नवखासंग्राहक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री घरचे सगळे झोपल्यावर खोलीतले दिवे बंद केले, अभ्यासाचा दिवा पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी खाली ठेवला आणि बाबांचे घड्याळदुरुस्तीचे भिंग लावून नाणे पाहिले. दिवा डावीकडे होता. आकड्याची डावी कड उजळ होती आणि शेजारच्या रेघांचीही डावी कड उजळ होती, म्हणजे रेघा उंच आहेत. मी आनंदाने ‘डाय क्रॅक’ लिहायला घेतले होते, पण टूलरूमवाला काकांचा प्रतिसाद आठवला आणि पुन्हा पाहिले. एकूण सात रेघा मोजल्या. सगळ्या एकाच तिरप्या दिशेने जातात, सगळ्या आकड्याच्या कडेला येऊन थांबतात आणि त्यांतल्या चार तरी आकड्याच्या पलीकडे त्याच रेषेत पुन्हा सुरू होतात. आकड्याच्या अंगावर एकही रेघ नाही. म्हणजे हा ओरखडाही नाही आणि तडाही नाही, ठसा घासल्याच्या खुणा आहेत. बरोबर ना?

टूलरूमवाला

अगदी बरोबर. रेघा एकाच दिशेच्या आहेत, म्हणजे कामगाराने दगड एका हाताने, एका बैठकीत फिरवला असावा. स्टीलची चकती चांदीपेक्षा किती तरी कठीण, त्यामुळे ठशाचे तोंड लवकर खराब होते आणि असे घासून ते पुन्हा कामाला लावावे लागते. नाणे जपून ठेवा.

जुनारुपया (धागाकर्ता)

@नवखासंग्राहक, निरीक्षण उत्तम आहे. पाकिटावर निष्कर्षाबरोबर कारणही लिहावे, म्हणजे पुढे कोणाच्याही हाती नाणे गेले तरी त्याला ते पुन्हा तपासता येईल: ‘मैदानात सात उंच समांतर रेघा, आकड्यावर नाहीत, ठसा घासल्याच्या.’ माझ्या रुपयाचे जुने पाकीट मी काढून टाकले आहे आणि नव्यावर लिहिले आहे: ‘१९०७, खोल रेघ, काठ ते मान, डब्ल्यूच्या माथ्यावर चर, पायाशी खंड, ओरखडा.’ @पारखीनजर यांनी सांगितल्याप्रमाणे त्याचे छायाचित्रही अक्षरांच्या सावल्या दिसतील अशा उजेडात काढून ठेवले आहे. १९०७ चा रुपया ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या नाण्यावर ‘डब्ल्यू’च्या जागी अशीच रेघ आहे का, ते पाहून इथे कळवावे.